बिलकिसची कवळी

गिरणीच्या कॉलनीतल्या लग्नाला यायचं, तर बाहेरगावच्या पाहुण्यांना आधीच ताकीद मिळायची. देण्याघेण्याचं काही बोलायचं असेल तर तोंडावर रुमाल धरा, रुमाल नसेल तर सरळ पाठ फिरवा. कारण मांडवाच्या दुसऱ्या टोकाला रिळिंगखात्यातल्या बाया बसलेल्या असत. त्यांना ऐकू कमी यायचं, पण कळायचं सगळं.

त्याचं असं आहे. मेहकरहून जानेफळकडे जाणाऱ्या रस्त्याला ही सूतगिरणी होती. बॉबिनवरचं सूत मोठ्या फिरत्या चौकटीवर घेऊन त्याच्या लड्या करायच्या, या कामाला रिळिंग म्हणत आणि ते सगळं बायांकडे होतं. पलीकडे सूत कातणारे साचे, मध्ये छातीएवढी भिंत, आणि आवाज असा की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी समोरचीला नुसती वाफ लागायची. मग बाया ओठांनी बोलायला शिकल्या. घशातून आवाज काढायचाच नाही. ओठ, जीभ, भुवया आणि दोन हात एवढ्यावर नवरा, सासू, भाजी, बाळंतपण सगळं निघायचं. मुकादम रंगराव दिवसभर त्यांच्यामधून फेऱ्या मारायचा, आणि बाया त्याच्या डाव्या-उजव्या बाजूने वाकून त्याच्याबद्दलच बोलायच्या. बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. निरोपसमारंभात हार गळ्यात घालून तो म्हणाला होता, की उभ्या गिरणीत सगळ्यांत शिस्तीचं, तोंडातून शब्द न काढता काम करणारं खातं म्हणजे रिळिंग. बाया पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या.

सत्यभामाबाई या खात्यात बावीस वर्षं होत्या. त्यांच्या लक्ष्मीकांतसाठी मुलगी पाहायला चिखलीला गेले, तेव्हा पोहे येईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. आतल्या दारात मुलीची मावशी दुसऱ्या बाईच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजली. खोलीच्या या टोकावरून सत्यभामाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "टक्कल नाई पडून राह्यलं बाई त्याले. त्याच्या बापाचंबी कपाळ असंच मोठं होतं." मावशीच्या हातातला ट्रे कलंडला. पण मुलगी, म्हणजे आताची त्यांची सून प्रतिमा, अशी काही खदखदून हसली की लग्न तिथेच ठरलं. आज लक्ष्मीकांत तहसील कचेरीत लिपिक आहे, प्रतिमा शाळेत शिकवते, आणि मावशीचं म्हणणं खरं होतं हे लक्ष्मीकांतच्या डोक्याकडे पाहून कोणीही सांगेल.

आता गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली. साचे भंगारात गेले, पत्रे गेले, छातीएवढी भिंत तेवढी बाभळीत उभी आहे. कॉलनी मात्र तिथेच. आणि कॉलनीतली म्हातारी पिढी सगळी अर्धी बहिरी. प्रत्येक घरात टीव्ही इतका मोठा, की एका घरात मालिका लावली तर तीन घरं तीच पाहतात. वीज गेली की मग एकदम शांत होतं आणि पुणे-मुंबईहून आलेली नातवंडं दचकतात.

सत्यभामाबाईंचा उजवा कान गेलाच होता, डावा जायच्या बेतात होता. लक्ष्मीकांतने बुलढाण्याला नेऊन त्यांना कानात घालायचं यंत्र आणून दिलं. यंत्र चांगलं होतं, त्यात खोट नव्हती. त्यातून कुकरची शिट्टी ऐकू यायची, मोटारसायकल यायची, शेजारच्या वच्छलाबाईंच्या नळाचं पाणीसुद्धा यायचं. नुसती माणसं कळायची नाहीत. सगळ्यांची बोलणी एकात एक कालवून कोणीतरी कानात ओतावी तसं व्हायचं. आणि घरातल्यांचे ओठ वाचावेत तर ते बोलता बोलता पाठ फिरवायचे, फोनकडे पाहायचे, घास तोंडात ठेवून बोलायचे. ओठांनी बोलणाऱ्या माणसाला समोरच्याकडे पाहावं लागतं. ती सवय बिलकिसला होती.

बिलकिस म्हणजे त्यांची शेजारीण, घराची नाही, साच्याची. बिलकिसचं घर जानेफळला. नवरा मेहबूब त्याच गिरणीत फिटर. पहिल्याच वर्षी फिरत्या चौकटीचा दांडा बसून बिलकिसचे पुढचे वरचे दोन दात गेले. दुसरी एखादी रडत बसली असती. पण झालं भलतंच. त्या फटीतून तिची जीभ दिसायला लागली. त, द, न, ल ही अक्षरं दातांमागे लपतात, ओठांवरून ती ओळखायला फार जड. बिलकिसची ती उघड्यावर आली. बघता बघता सगळ्या खात्यात तिच्याइतकं स्पष्ट बोलणारं कोणी राहिलं नाही. दहा साचे दूर असली तरी तिचं अक्षर अन् अक्षर कळायचं. नवीन लागलेल्या पोरींना शिकवायला मुद्दाम तिच्यासमोर उभं करत.

आणि बोलायच्या पलीकडे एक खूण होती. दोन हातांच्या तर्जन्या टोकाला टोक लावून धरायच्या आणि झटकन विलग करायच्या. धागा तुटला, असा तिचा अर्थ. एकीच्या हातून सावरत नसेल, चार ठिकाणी एकदम तुटलं असेल, तर ती शेजारणीला ही खूण करी. मग शेजारणीने का, कसं, असं काही विचारायचं नसे. आपला साचा थांबवायचा आणि जायचं, एवढंच. मुकादम बोंबलला तरी जायचं. बिलकिसची मुलगी आसमा पोटात होती, सातवा महिना होता, तेव्हा दिवसातून दहादा सत्यभामाबाई गेल्या. सत्यभामाबाईंचे यजमान वारले, त्या तेराव्यानंतर कामावर आल्या आणि साच्यासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या, तेव्हा बिलकिस न बोलावता आली आणि आठवडाभर दोन साचे एकटीने चालवले.

मेहबूब गेल्यावर शाकिर आईला पुण्याला घेऊन गेला. त्याचं तिथं मोठं वर्कशॉप आहे, सहाव्या मजल्यावर घर आहे. मुलगा सोन्यासारखा, यात वाद नाही. त्यानेच आईच्या हातात मोठा फोन दिला आणि इकडे लक्ष्मीकांतने सत्यभामाबाईंना व्हिडिओ कॉल लावून दिला. पहिल्या दिवशी दोघींनी फोन कानाला लावले. पंधरा मिनिटं पुण्यात सत्यभामाबाईंचा कान दिसत होता आणि मेहकरात बिलकिसचा. दोघींना वाटलं, फोन बिघडला. छकुलीने, म्हणजे नातीने, आजीचा हात धरून फोन समोर आणला तेव्हा कुठं तोंडं दिसली आणि मग पुढची तीन वर्षं रोज साडेतीनला, पहिली पाळी सुटायच्या वेळेला, फोन ठरलेला. आवाज बंद. घरच्यांना वाटायचं, दोघी म्हाताऱ्या नुसत्या एकमेकींकडे पाहत बसतात.

मग शाकिरने आईला कवळी बसवून आणली.

उरलेले वरचे दात हलत होते, ते काढून पूर्ण वरची ओळ नवी बसवली. पांढरीशुभ्र, एकसारखी. बिलकिस फोनवर आली ती कोणत्यातरी जाहिरातीतल्या बाईसारखी दिसत होती. सत्यभामाबाईंनी कौतुक केलं. बिलकिस काहीतरी बोलली. सत्यभामाबाईंना कळलं नाही. पुन्हा बोलली. ओठ पुढे आलेले, फट बुजलेली, जीभ आत कोंडलेली. ओळखीच्या घराला नवं दार बसवावं आणि आपल्याला कडीच सापडू नये, तसं झालं. "हाव, हाव," असं ओठांनी म्हणून त्यांनी मान हलवली.

खोटी मान हलवणं हे रिळिंगखात्यातलं सगळ्यांत वाईट पाप. कळलं नाही तर भुवई उचलायची, लाज नाही. पण खोटी मान हलवली तर मशीनमध्ये बोट जायची वेळ येते. सत्यभामाबाईंनी दोन महिने खोटी मान हलवली. आवाज लावून पाहिला, तर तो कानात शिरताच चिखल. हळूहळू फोन रोजचा दोन दिवसांवर गेला, मग आठवड्यावर. "काऊन व आई, बिलकिसमावशीचा फोन नाई आला?" असं प्रतिमाने विचारलं की त्या म्हणायच्या, "तिचं सुखाचं घर हाये. तिले काय धंदा नाई का?" आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडायला बसायच्या, निवडलेली डाळ पुन्हा निवडायच्या.

त्यात वैशाखात जानेफळला लग्न निघालं. बिलकिसच्या पुतण्याचं, फैजानचं. शाकिर आईला घेऊन येणार होता. जानेफळच्या घरातला आपला वाटाही या खेपेस तो चुलत्याला देऊन मोकळा होणार होता. म्हणजे यानंतर बिलकिसला इकडे यायला कारण उरणार नव्हतं. हे लक्ष्मीकांतने सहज जेवताना सांगितलं आणि सत्यभामाबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

एकदा पोटभर बोलायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. बावीस वर्षं आपण जिच्याशी दिवसाचे आठ तास बोललो, तिच्याशी एकदा, समोर बसून, एकही अक्षर न सांडता. मग जाऊ दे तिला पुण्याला.

लग्नात दोघी शेजारी बसल्या. हातात हात घेऊन बसल्या. डीजेने मांडव असा काही दणाणून सोडला होता की दोघींना तो बरा वाटायला हवा होता. गिरणीइतकाच आवाज! पण बिलकिस बोलायला लागली आणि सत्यभामाबाईंना एक अक्षर लागेना. पांढरे दात चमकायचे, ओठ हलायचे. त्यांनी मान हलवली, हसल्या, पुन्हा मान हलवली. मध्येच बिलकिस थांबली. तिने सत्यभामाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं, अगदी पूर्वी नव्या पोरीने खोटी मान हलवल्यावर पाहायची तसं. दोघींनी बिर्याणी आणि शाकाहारी पंगत, आपापलं, मुकाट्यानं उरकलं. घरी येताना लक्ष्मीकांतच्या गाडीमागे बसून सत्यभामाबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि लक्ष्मीकांत म्हणत होता, "धूळ फार झाली व या रस्त्याले."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मेहकरच्या स्टँडवरून बिलकिसची पुण्याची गाडी. सत्यभामाबाईंनी सकाळी उठून कळण्याच्या भाकरी थापल्या, ठेचा वाटला. ज्वारी-उडदाच्या या जाडजूड भाकरीसाठी बिलकिस गिरणीत आपला डबा सोडून यांच्या डब्यावर बसायची. कवळीवाल्या माणसाला भाकर चालेल की नाही, हा विचार भाकरी फडक्यात बांधून झाल्यावर आला. पण आता काय करता!

लक्ष्मीकांतने त्यांना स्टँडवर सोडलं आणि गाडी सावलीला लावायला तो पलीकडे गेला. बस लागलेली होती. बिलकिस खिडकीत बसली होती, काच अडकून बसलेली, खाली होईना. सत्यभामाबाईंनी डबा शाकिरच्या हातात दिला, तो आत घेऊन गेला. बाहेरून त्या पाहत होत्या. बिलकिसने झाकण उघडलं. वास घेतला. एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि थांबली. कवळीखाली भाकर फिरेना. तिने इकडे तिकडे पाहिलं, शाकिर वर सामान ठेवत होता. मग तिने हळूच तोंडात बोट घातलं, कवळी काढली, डब्याच्या झाकणात ठेवली आणि गालाच्या कोपऱ्यात भाकर चघळत डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा काचेबाहेर सत्यभामाबाई होत्या. बिलकिस लाजून म्हणाली, "पाह्यू नको व इकडं."

सत्यभामाबाईंना कळलं. शब्दन् शब्द. पूर्वी फट होती, आता तर दार सताड उघडं होतं. त्या काचेजवळ सरकल्या.

"बोल," त्या ओठांनी म्हणाल्या. "काहीबी बोल."

"काय बोलू? तुले कालपासून माह्यं काही समजून नाई राह्यलं. मले मालूम आहे."

"आता समजून राह्यलं! सारं समजून राह्यलं. दातं घालू नको!"

बिलकिस पाहतच राहिली. कंडक्टरने दार आपटलं, इंजिन सुरू झालं. तिचा चेहरा एकदम पडला. शाकिर शेजारी येऊन बसला होता आणि फोनवर कोणाशी तरी बोलत होता. बिलकिसने दोन्ही हात काचेपाशी आणले. दोन तर्जन्या टोकाला टोक लावून धरल्या आणि झटकन विलग केल्या.

यापुढे सत्यभामाबाईंनी काही विचार केला, असं म्हणणं खोटं होईल. पाय आपसूक निघाले. त्यांनी हात दाखवून सुरू झालेली बस थांबवली, दार ओढलं आणि आत चढल्या. अंगावर घरचं पातळ, पायात स्लिपर. स्टँडच्या त्या टोकाला लक्ष्मीकांत पाण्याची बाटली घेऊन उभा होता, त्याने आपली आई पुण्याच्या गाडीत चढताना पाहिली.

"कुठं जायचंय, आजी?" कंडक्टर म्हणाला.

"हिच्याजवळ," सत्यभामाबाई म्हणाल्या.

शाकिर गडबडून उठला. "मावशी? तुम्ही? कुठं?" तो बरंच काही विचारत होता. कानातल्या यंत्रात एसटीचा सगळा पत्रा खडखडत होता. त्यांनी यंत्र काढलं, कानाकडे बोट दाखवून हात हलवला, आणि शाकिर मागच्या सीटवर जाऊन बसला. जाता जाता त्याने त्यांचं सिंदखेडराजापर्यंतचं तिकीट काढलं. मुलगा खरंच सोन्यासारखा. यंत्र कुठं ठेवावं कळेना, म्हणून त्यांनी ते डब्याच्या झाकणात कवळीशेजारी ठेवलं. लेकरांनी हौसेने आणलेल्या दोन महागड्या वस्तू ठेच्याच्या डागाशेजारी पडून राहिल्या, आणि दोघी बोलायला लागल्या.

एसटी इतकी खडखडत होती की बाकीची माणसं ओरडून ओरडून दमून गप्प झाली. या दोघींना घरी आल्यासारखं वाटलं. सुलतानपूरपर्यंत त्या नुसत्या हसत होत्या. रंगरावाचा हार, चिखलीची मावशी, कालचा डीजे. फैजानच्या सासूने मांडवात कोणाला काय म्हटलं, ते दोघींनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वाचलं होतं, ते जुळवून पाहिलं. पुढे बिबीच्या आसपास बिलकिस हसायची थांबली.

"तिथं काय कमी नाई," ती म्हणाली. "शाकिर पाय दाबते माह्ये. सून वाईट नाई. पण मी 'मले' म्हनलं का लेकराचे लेकरं हासतात. खालच्या बाया म्हन्तात, आजी तुम्ही कुठल्या? मंग मी बोलतच नाई. दिवसदिवस बोलत नाई, सत्यभामे. काचा लावून बसतात सारे, बाहेरचा आवाज येत नाई, आतबी आवाज नाई. मले तिथं करमत नाई."

"शाकिरले सांग."

"कसं सांगू? त्यानं एवढं केलं. त्याले वाटते, आई सुखात आहे. अशी दातं दाखवून हासतो मी, तं त्याले वाटते, आई हासून राह्यली." तिने झाकणातल्या कवळीकडे पाहिलं. "या दातानं हासता येते. बोलता येत नाई."

सत्यभामाबाईंनी तिचा हात धरला. मग त्या म्हणाल्या, "म्याबी तुले दोन महिने फसवलं. खोटी मान हालवली. मले वाटलं, तू आता पुण्याची झाली. तुले सांगावं कसं, का तुह्यं मले समजत नाई? मलेबी कोणी नाई व बोलाले. घर भरलं आहे. सारे बोलतात, माह्याकडं पाह्यत कोणीच नाई. तुह्यासारखं पाह्यत नाई."

हे त्या आयुष्यात कोणाला बोलल्या नव्हत्या. लक्ष्मीकांतला आवाजात कधी सांगता आलं नसतं. मागे शाकिर बसला होता, त्याच्या कानाला काही लागलं नाही. त्याने मध्येच वाकून पाहिलं, तर दोन्ही म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत होत्या. "अम्मी, क्या हुआ?" त्याने विचारलं. "ठेचा तेज है," बिलकिस मोठ्याने म्हणाली.

दुसरबीड गेलं, किनगावराजा गेलं. बाहेर उन्हाळी माळ, नांगरलेली काळी रानं. मागच्या काचेतून एक मोटारसायकल बसच्या धुरात खोकत येताना दिसत होती. लक्ष्मीकांत होता. हात हलवत होता, हॉर्न वाजवत होता. सत्यभामाबाईंनी त्याला तिथूनच खूण केली, सावकाश ये म्हणून.

सिंदखेडराजाला बस दहा मिनिटं थांबली आणि ती दहा मिनिटंही संपली. बिलकिसने घाईने डब्याला झाकण लावलं, डबा सत्यभामाबाईंच्या हातात कोंबला आणि त्यांना उतरवलं. मग ती पुन्हा काचेशी आली. बस हलली तरी दोघी बोलत होत्या. बस वळली तरी बिलकिसचं तोंड दिसत होतं, मग नुसती ओढणी दिसली, मग बसच. सत्यभामाबाई स्टँडवर उभ्या राहिल्या. छाती रिकामी झाली होती आणि भरलीही होती, आणि हे दोन्ही एका वेळी कसं होतं ते त्यांना कळेना.

लक्ष्मीकांत धुळीने पांढरा होऊन समोर आला. "आई! काय हे? काही होतं का तुले? सांगाचं तरी!"

"बिलकिसनं बोलावलं," त्या म्हणाल्या.

"कव्हा? म्या तं काही ऐकलं नाई."

"तू कायले ऐकशील."

परतीच्या वाटेवर बिबीला चहाला थांबले तेव्हा यंत्र काढायला त्यांनी डबा उघडला. झाकणात यंत्र होतं. त्याच्या शेजारी बिलकिसची कवळी होती, एकसारखी, पांढरीशुभ्र, हसत असलेली. चहावाल्याने पाहिली आणि तो दोन पावलं मागे सरला.

घाईत राहिली, की बिलकिसने राहू दिली? सत्यभामाबाई घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होत्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेतीनला फोन वाजला. लक्ष्मीकांत कचेरीतून जेवायला उशिरा आला होता, त्यानेच उचलला. पडद्यावर शाकिर. "भाऊ, अम्मीचे दात तुमच्याकडं राह्यले का? कालपासून नुसतं वरणभात खाते."

"हाव ना, इथंच आहेत. उद्याच कुरिअर करतो."

"कुरिअर कायचं करतो?" सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून आल्या. यंत्र त्यांच्या कानात नव्हतं, पण त्यांनी लक्ष्मीकांतचे ओठ पाहिले होते. "तोंडात घालाची वस्तू आहे ती. हजार जणाच्या हातातून जाईन. मी सोता नेऊन देईन."

"पुण्याले? तू? एकटी?"

"सिंदखेडराजापर्यंत गेलीच ना मी एकटी. पुढंबी रस्ता आहेच."

लक्ष्मीकांतने प्रतिमाकडे पाहिलं. प्रतिमा हसू दाबत म्हणाली, "जाऊ द्या हो आईंना." सत्यभामाबाईंनी फोन हातात घेतला आणि आवाज बंद केला. तिकडे शाकिरने फोन आईच्या हातात दिला. बिलकिसचं तोंड दिसलं, दात नसलेलं, गाल आत गेलेलं, कवळी आल्यापासून पाहिलं नव्हतं इतकं ओळखीचं.

शाकिर तिच्या खांद्याशी उभा होता. त्याने आईला काहीतरी विचारलं. खाला दात कब ला रही, मावशी दात कधी आणणार, असंच असणार. बिलकिस त्याच्याकडे वळून मोठ्याने काहीतरी बोलली. ओठ एका बाजूनेच दिसत होते तरी सत्यभामाबाईंनी ते वाचले. "बोलो जल्दी लाओ, खाना नै जा रहा." शाकिर मान डोलावून निघून गेला.

मग बिलकिस पडद्याकडे वळली. आवाज न करता, एकेक अक्षर सुटं करून, पूर्वी नव्या पोरींना शिकवायची तसं ती बोलली.

"दातं सावकाश आणजो. पण तू येजो."

सत्यभामाबाईंनी मान हलवली. खरी.